‘एकच तक्ता द्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरातल्या माणसाच्या मृत्यूनंतर कुठे कुठे कळवावे लागते, या लेखावर तुम्ही कडक लिहिले आहे. फॉर्म, शुल्क आणि मुदत यांचा एक तक्ता न देता प्रत्येक वेळी ‘अधिकृत संकेतस्थळ पाहा’ असे सांगणे म्हणजे दुःखातल्या माणसाला दहा दारे फिरवणे, असा तुमचा आक्षेप. दहा दारे आहेत हे खरे. एका ठिकाणी कळवले की सगळीकडे आपोआप पोचते, अशी सोय आज नाही. तरीही तक्ता मुद्दाम दिलेला नाही, कारण तो लवकर शिळा होतो आणि शिळा तक्ता माणसाला चुकीच्या कचेरीत पाठवतो.

उदाहरणे घ्या. मतदाराने पत्ता बदलला की पूर्वी मतदारसंघाच्या आत असल्यास फॉर्म ८अ आणि बाहेर गेल्यास फॉर्म ६ भरत. १ ऑगस्ट २०२२ पासून दोन्हीसाठी फॉर्म ८ आहे. जन्म-मृत्यूची नोंद वर्षभरापेक्षा जास्त उशिरा करायची तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. आधारमधला पत्ता बदलण्याचे केंद्रावरचे ५० रुपयांचे शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झाले. जुने तक्ते मात्र अजून व्हॉट्सॲपवर फिरत आहेत.

म्हणून ‘माहिती कुठे मिळेल’ याच्या आधी ‘हे रजिस्टर कोण ठेवतो’ हे विचारा. जो रजिस्टर ठेवतो त्याचेच संकेतस्थळ, त्याचाच फॉर्म. बाकी सगळे ऐकीव.

मृत्यूची नोंद घटना घडली तिथे होते, राहत्या गावात नाही. गोव्यातल्या काणकोणच्या माणसाला मडगावच्या इस्पितळात मृत्यू आला तर दाखला मडगावला. गावच्या पंचायतीत खेपा घालून उपयोग नाही. इस्पितळातल्या मृत्यूची माहिती इस्पितळ कळवते, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने कळवायचे. मुदत २१ दिवस. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि त्याहून उशीर झाला तर वर सांगितलेला दंडाधिकारी.

खरी गफलत स्पेलिंगमध्ये होते, आणि गोव्यात ती जास्तच होते. नाईक हेच आडनाव जुन्या पोर्तुगीज नोंदीत ‘क्यू यू ई’ने संपते, शाळेच्या दाखल्यावर ‘के’ने. इस्पितळ नाव लिहिते ते घरच्यांनी फॉर्मवर दिलेले. तो फॉर्म सहीपूर्वी आधार, बँक पासबुक आणि जमिनीच्या कागदाशी ताडून पाहा. पाच मिनिटांचे काम. नंतर दुरुस्ती हवी तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याच्या कलम १५ खाली पुरावे द्यावे लागतात, नाहीतर ‘वन अँड द सेम पर्सन’चे, म्हणजे दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे, प्रतिज्ञापत्र प्रत्येक खिडकीवर दाखवत राहावे लागते.

सर्वांत जास्त विसरले जाते ते वाहन. मालक वारल्यावर त्याची स्कूटर घरचे चालवतच राहतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला मृत्यूची आणि गाडी आपण वापरणार असल्याची माहिती द्यायची. तसे कळवले तर मृत्यूपासून तीन महिने ती वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती नावावर करून घ्यायची. दरम्यान अपघात झाला तर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो.

जमिनीचे गोव्यात वेगळे आहे. नुसता मृत्यूचा दाखला नेऊन एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर वारसांची नावे चढत नाहीत. वारसांत एकमत असेल तर २०१२च्या गोवा वारसा कायद्याखाली विशेष नोटरीसमोर सक्सेशन डीड (वारस कोण ते सांगणारा दस्त) करायचे, मतभेद असतील तर कोर्टात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणी). मग त्या कागदावर मामलेदार कचेरीत म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरच्या नावांचा फेरफार. महाराष्ट्रातल्या संकेतस्थळांवरची ‘वारस नोंद’ची माहिती वाचून इथे अर्ज करू नका, तो कायदाच निराळा आहे.

लग्नाचेही तसेच. नागरी निबंधकासमोर पहिली सही म्हणजे फक्त इरादा. नोटिशीचा काळ संपल्यावर दुसरी सही होते तेव्हा नोंद पुरी होते, मधल्या काळात देवळात थाटात लग्न लागले तरी. दुसरी सही राहून गेली की पासपोर्टच्या वेळी लक्षात येते, तेव्हा दाखलाच नसतो.

आता संकेतस्थळ खरे कसे ओळखायचे. पत्त्यात सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे का पाहा. नावात ‘पासपोर्ट’ किंवा ‘सेवा’ असण्याला काही किंमत नाही: पासपोर्ट आणि जन्मदाखल्यांची हुबेहूब बनावट पाने आहेत. राज्याच्या सेवा ‘गोवा ऑनलाइन’वर, कायद्याचा मूळ मजकूर ‘इंडिया कोड’वर, राज्याच्या अधिसूचना गोव्याच्या राजपत्रात. मतदारयादीसाठी १९५० वर फोन करा. मृताचे नाव वगळण्याचा फॉर्म ७ आहे.

पान एक सांगते आणि खिडकीवरचा माणूस दुसरे, असे झाले तर वाद घालू नका. कलमाचा क्रमांक दाखवा आणि अर्ज का घेत नाहीत ते लेखी मागा. २०१३च्या वेळेत सेवा देण्याच्या गोव्याच्या कायद्यात तुमची सेवा अधिसूचित असेल तर मुदत उलटल्यावर अपील करता येते. त्यासाठी अर्जाची तारीख असलेली पोचपावती हातात हवी, म्हणून ती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.