‘प्रिया’च्या नावाने मेल पाठवू नका

छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. पाठवणाऱ्याच्या जागी धंद्याचं नाव टाकू नका, ‘प्रिया’ किंवा ‘रोहन’ असं माणसाचं नाव टाका, तेही अधूनमधून बदला. नाव देवनागरीत लिहू नका, मेल स्पॅममध्ये जाईल. पत्ता नो-रिप्लायचा ठेवा, म्हणजे ज्यावर उत्तर पाठवता येत नाही असा. आणि नवा सबस्क्रायबर आला की आठवडाभर त्याला काही पाठवू नका, तो वैतागून निघून जाईल. शेवटी पुरावा म्हणून एक वाक्य: आमचा ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, दुप्पट झाला!

हापूस विकणारे, दिवाळी अंक काढणारे, क्लास चालवणारे कितीतरी जण हा सल्ला मनापासून पाळतात. मी अशाच लोकांना मेल तयार करून देते. या सल्ल्याने त्यांचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘प्रिया’. फोनवर इनबॉक्स उघडा आणि एका मेलची ओळ नीट बघा. ठळक अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव, त्याखाली विषय, त्याखाली मजकुराचे पहिले काही शब्द, डावीकडे गोलात नावाचं पहिलं अक्षर. मेलचा खरा पत्ता इथे दिसतच नाही, त्यासाठी मेल उघडून आणखी एकदा टिचकी मारावी लागते. म्हणजे ओळख पटवायला वाचणाऱ्याच्या हाती मुख्यतः ते नावच. ‘प्रिया’ वाचून तो मेल उघडेल हे खरं. मामेबहीण असेल, ऑफिसातली कुणी असेल. आत आंब्याच्या पेटीचे दर दिसले की आपल्याला फसवून आत आणलं हे त्याच्या लक्षात येतं. मग तो दर वाचत बसत नाही, स्पॅमचं बटण दाबतो.

त्या बटणाचा हिशेब फार कडक आहे. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून घाऊक मेलचे नियम आवळले. जीमेल म्हणतं, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवा, शक्यतो ०.१ टक्क्याच्याही आत. हजार मेलमागे तीन माणसं चिडली की तुम्ही त्या रेषेवर पोचलात. पाठवणाऱ्याचं नाव दिशाभूल करणारं नको, हेही त्याच नियमावलीत आहे. एकदा डोमेनची, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, पत गेली की फटका फक्त जाहिरातीच्या मेलला बसत नाही. त्याच डोमेनवरून जाणारी ऑर्डरची पोच आणि पैसे मिळाल्याची पावतीसुद्धा स्पॅममध्ये पडू लागते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना अंक विकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथला कॅन-स्पॅम कायदा २००३चा, लागू १ जानेवारी २००४पासून. मेल कोणाकडून आला याबद्दलची खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती त्यात सरळ निषिद्ध आहे. फसवी विषयओळही चालत नाही, आणि पाठवणाऱ्याचा टपालाचा खरा पत्ता मेलमध्ये द्यावाच लागतो.

माणसाचं नाव वापरणंच चूक, असं मी म्हणत नाही. प्रकाशनात नेहा नावाची बाई खरोखर काम करत असेल आणि आलेल्या उत्तरांना तीच उत्तर देत असेल, तर प्रकाशनाच्या नावाला तिचं नाव जोडा, छानच. फक्त क्रम सांभाळा. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब नावाचं शेपूट कापलं जातं, म्हणून वाचकाने जे नाव बघून पत्ता दिला ते आधी यायला हवं.

आता तो दुप्पट झालेला ओपन रेट. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक इवलंसं चित्र दडवलेलं असतं. ते सर्व्हरवरून उतरलं की मेल उघडला अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१मध्ये आयओएस १५बरोबर अॅपलने मेल अॅपमध्ये खासगीपणा जपणारी सोय आणली. ती चालू असेल तर माणसाने मेल उघडो न उघडो, अॅपल आपल्या सर्व्हरमार्फत सगळी चित्रं आधीच उतरवून ठेवतं. म्हणजे यादीत आयफोनवाले वाढले की काहीही न करता ओपन रेट चढतो. दुप्पट झाल्याचं सांगणाऱ्याला विचारावं: ऑर्डर किती आल्या, उत्तरं किती आली, यादीतून किती जण गेले?

नाव अधूनमधून बदलण्याचा सल्ला तर धंद्याच्या मुळावरच येतो. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक मेल शोधतं ते ‘गेल्या वर्षी पेटी कुणाकडून मागवली होती’ म्हणून. रोहन, प्रिया, टीम अमुक अशा तीन नावांत विखुरलेला आंबेवाला त्याला कसा सापडणार? शिवाय नाव बदलून यंत्र फसत नाही. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेलसेवांच्या तपासण्या नावामागच्या डोमेनकडे बघतात: या सर्व्हरला त्या डोमेनतर्फे पाठवायचा अधिकार आहे का, सही खरी आहे का, दिसणारा पत्ता त्याच्याशी जुळतो का. म्हणूनच जीमेलचा किंवा याहूचा फुकट पत्ता घालून घाऊक सेवेतून मेल पाठवू नका. याहूच्या पत्त्याचे असे मेल नाकारायला याहूने इतर मेलसेवांना २०१४मध्येच सांगून ठेवलंय. स्वतःचं डोमेन घ्या, ते फार महाग नसतं.

देवनागरी नावाने मेल स्पॅममध्ये जातो, ही निव्वळ अफवा आहे. इंग्रजीबाहेरच्या लिपीतलं नाव मेलच्या शीर्षात कसं पाठवायचं याचं आजचं मानक १९९६पासूनचं आहे, आणि आजच्या मेलसेवा ते वाचतात. जीमेलने २०१४मध्ये जाहीरपणे बंदोबस्त केला तो वेगवेगळ्या लिपींतली सारखी दिसणारी अक्षरं मिसळून फसवणाऱ्यांचा. सरळ मराठीत लिहिलेलं बागेचं किंवा मासिकाचं नाव त्यात बसत नाही. बरेच लोक इनबॉक्समध्ये रोमनमध्ये शोधतात, ही अडचण मात्र खरी आहे. तुमचं डोमेन रोमन अक्षरांत असतं आणि शोध त्यावरही लागतो, तरी मेलच्या तळाशी नाव रोमनमध्येही लिहून टाका.

नो-रिप्लायबद्दल थोडक्यात. ‘पेटी कर्जतला येते का?’, ‘मागच्या वर्षीचा अंक शिल्लक आहे का?’ हे प्रश्न म्हणजे दाराशी आलेली ऑर्डर. तिला परत पाठवू नका. आणि जीमेलच्या मूळ सेटिंगप्रमाणे वाचकाने उत्तर पाठवलं की तुमचा पत्ता त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये जातो.

सगळ्यात घातक मुद्दा शेवटचा, नव्या माणसाला आठवडाभर काही न पाठवण्याचा. प्रदर्शनात स्टॉलसमोर उभं राहून कुणी पत्ता देतं तेव्हा तुमचं नाव, फोडीची चव, तुमच्याशी झालेलं बोलणं सगळं ताजं असतं. आठवड्याने त्यातलं काय उरतं? त्या काळात त्याने आणखी चार जणांना पत्ता दिलेला असतो. मग तुमचा पहिला मेल येतो, तोही थेट विक्रीचा, आणि ‘हे कोण?’ म्हणून स्पॅममध्ये जातो. वैताग येतो तो अशा मेलचा. मागितलेली गोष्ट लगेच आली म्हणून कुणी रागावत नाही.

लगेच पाठवण्याचे इतरही फायदे आहेत. पत्ता लिहिताना चूक झाली असेल तर मेल तिथल्या तिथे परत येतो आणि समोर उभ्या माणसाला विचारून पत्ता सुधारता येतो. दुसऱ्याच कुणाचा पत्ता पडला असेल, तर ‘होय, मीच’ असं कळवायचा दुवा पहिल्या मेलमध्ये ठेवा; तो न दाबणारा माणूस यादीत येतच नाही. प्रदर्शनातल्या वहीवरून पत्ते टंकताना या दुव्याचा उपयोग फार, कारण हाताने लिहिलेला ‘आय’ की ‘एल’ हे अनेकदा कळत नाही.

स्वागताच्या मेलमध्ये काय असावं? कोकणातल्या बागेसाठी मी साधारण असा मजकूर देते:

‘नमस्कार. आज आपण आमच्याकडे मेलसाठी पत्ता दिलात, आभार. फेब्रुवारीत बागेत फळ किती धरलंय ते कळवू. बुकिंग सुरू झालं की दर कळवू. जूनमध्ये हंगाम संपला की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मेल येणार नाही. पेटी कोणत्या गावी हवी ते याच मेलला उत्तर देऊन सांगा, तिथे पोचवता येते का ते बघून कळवते. मेल नको असतील तर खालच्या दुव्यावर एकदा टिचकी मारा.’

खाली बागेचं नाव, लिहिणारीचं नाव, फोन, पत्ता. सवलत घातली नाही तरी चालतं. किती मेल येणार आणि कधी थांबणार हे मात्र घालाच, कारण नव्या माणसाच्या मनातली धास्ती तीच असते. आणि थांबवायचा दुवा लपवू नका. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही म्हटलं आहे. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना तर एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्यावीच लागते.

ज्यांनी हा सल्ला पाळून वर्षभर ‘प्रिया’च्या नावाने मेल पाठवले, त्यांनी आता जुन्या लोकांना स्वागताचा मेल पाठवू नये, तो खोटा वाटेल. धंद्याच्या खऱ्या नावाने एकच मेल पाठवा: आपण अमुक ठिकाणी आम्हाला पत्ता दिला होता, आजवर मेल ‘प्रिया’ या नावाने येत होते, यापुढे या नावाने येतील, हवे असतील तर इथे ‘होय’ म्हणा. जे ‘होय’ म्हणतील तेवढेच ठेवा, बाकीची नावं काढून टाका.