क्लच दीड महिन्यात पुन्हा घसरला, या तक्रारीला आमच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. काल सकाळी रजिस्टर आणि बिलबुक काढलं, गॅरेजमधल्या दोन्ही पोरांशी बोललो आणि मगच लिहायला बसलो. म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. ऑगस्टच्या शेवटी पल्सर 150 चा क्लच आमच्याकडे केला, 1500 रुपये दिले. रोज सामान घेऊन साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वरचा घाट चढता, आणि दीड महिन्यात गाडी पुन्हा ओढेना झाली. दुसऱ्या मेकॅनिकने क्लच उघडला तर प्लेटा जळलेल्या आणि हाऊसिंगला खाचा. आम्ही डुप्लिकेट प्लेटा घातल्या, जुने पार्ट परत दिले नाहीत, जुन्या प्लेटांना लायनिंग, म्हणजे पकड धरणारा थर, मारून मागितलं तर नकार दिला. वर पोरगा म्हणाला, "तुम्हीच वजन जास्त टाकता." एक स्टार.

आधी मुख्य गोष्ट. प्लेटा जळाल्या त्याला जबाबदार आम्ही आहोत, तुमचं वजन नाही. कशा जळाल्या ते सांगतो, कारण तुमच्या मेकॅनिकने सांगितलेलं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं आमच्याच रजिस्टरमध्ये सापडलं.

तुम्ही आलात तेव्हा सांगितलं होतं की दीड हजाराच्या वर आत्ता जमणार नाही. त्यात काही गैर नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या अशाच येतात, आणि कमी पैशातही क्लचचं काम नीट होतं, मात्र काय जुनं ठेवायचं हे मोजून ठरवावं लागतं. तुमच्या कामात लायनिंगच्या प्लेटांचा संच 620, साईड कव्हरचं गॅस्केट 70, ऑईल 410 आणि मजुरी 400 असं बिल झालं. लायनिंगच्या प्लेटांच्या मधे बसणाऱ्या स्टीलच्या प्लेटा, स्प्रिंगा आणि हाऊसिंग जुनंच ठेवलं. स्टीलच्या प्लेटा मी स्वतः काचेवर ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पाहिल्या होत्या. सपाट होत्या, तापल्याचा निळा डाग नव्हता. त्या ठेवण्यात चूक नव्हती, हे आजही म्हणेन.

चूक हाऊसिंगमध्ये झाली. हाऊसिंग म्हणजे क्लचचा बाहेरचा डबा. त्याच्या उभ्या फटींमध्ये लायनिंगच्या प्लेटांचे कान बसतात. गाडी साठ हजार किलोमीटर चालली की ते कान फटीच्या कडेला सारखे आपटून तिथे खाचा पाडतात. खाच कमी असेल तर कानशीने अलगद गुळगुळीत करून चालतं. मी तेच केलं. पण तुमच्या हाऊसिंगच्या खाचा त्याहून खोल होत्या. सगळ्या घासून काढल्या असत्या तर फटी रुंद झाल्या असत्या, म्हणून मी वरवर कानस मारली आणि तुम्हाला तोंडी म्हणालो, "हाऊसिंग थोडे दिवस चालेल." थोडे दिवस म्हणजे किती, तोवर काय त्रास होईल, हे मी सांगितलं नाही आणि बिलावरही लिहिलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर "चालेल" याचा अर्थ "ठीक आहे" असाच घेतला असता.

खाच राहिली की काय होतं? क्लच दाबल्यावर प्लेटा एकमेकींपासून सुट्या व्हायला हव्यात. त्यांचे कान खाचेत अडकतात आणि त्या पूर्ण सुटत नाहीत. मग सिग्नलला न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो, लिव्हर दाबलेलं असतानाही गाडी पुढे सरकते. नेमकी हीच तक्रार घेऊन तुम्ही 3 आठवड्यांनी आला होता. मी त्या दिवशी गॅरेजमध्ये नव्हतो. रजिस्टरला नोंद आहे, "न्यूट्रल लागत नाही. क्लच केबल टाईट केली. पैसे नाही."

काल ती ओळ वाचली आणि उलगडा झाला. केबल ताणली की लिव्हर प्लेटांना जास्त लांब ढकलतो, त्यामुळे न्यूट्रल लागायला लागलं असणार आणि तुम्हालाही बरं वाटलं असणार. पण लिव्हरला जी थोडी मोकळी हालचाल हवी, ज्याला आम्ही प्ले म्हणतो, ती संपली. तुम्हीच लिहिलंय, "लिव्हर जरासुद्धा ढिला नव्हता, नुसतं बोट ठेवलं तरी इंजिनचा आवाज चढायचा." प्ले शून्य म्हणजे हात लिव्हरवर नसतानाही केबल क्लचला थोडी ओढून धरते. स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर बसत नाही, प्लेटा घसरत राहतात आणि तापतात. सपाट रस्त्याला ते कळत नाही. घाटात, सामान मागे असताना, वरच्या गिअरला कळतं. इंजिनचे फेरे चढतात आणि गाडी उठत नाही. त्यातून सप्टेंबरात कासच्या फुलांचा हंगाम. शनिवार-रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये थांबत-थांबत जावं लागतं. तुमच्या मेकॅनिकच्या फोटोत स्टीलच्या प्लेटा निळ्या-जांभळ्या दिसतात. त्याच प्लेटा ऑगस्टमध्ये स्वच्छ होत्या. हा रंग त्या दीड महिन्यातल्या तापण्याचा आहे.

म्हणजे हाऊसिंग अर्धवट ठेवलं मी, त्यामुळे न्यूट्रलची तक्रार आली, ती पोराने केबल ताणून दाबली, आणि ताणलेल्या केबलने नव्या प्लेटा खाल्ल्या. पोराला मी दोष देत नाही. न्यूट्रल लागत नसेल तर आधी प्ले मोज आणि प्ले बरोबर असेल तर केबलला हात न लावता मला बोलाव, हे त्याला शिकवायचं काम माझं होतं. वजनाबद्दल तो तुम्हाला बोलला ते चुकीचंच होतं. त्याच्या वतीने मी माफी मागतो. चढावरच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली तर प्लेटा घासतात हे खरं, तिथे ब्रेकवर थांबावं. पण नीट बसवलेल्या प्लेटा तेवढ्याने दीड महिन्यात जळत नाहीत.

स्प्रिंगांबद्दलही एक सांगायला हवं. मी त्या सगळ्या काचेवर शेजारी उभ्या करून पाहिल्या, उंची सारखी दिसली म्हणून परत घातल्या. पण सगळ्या सारख्याच दबून आखूड झालेल्या असतील तरी त्या शेजारी सारख्याच दिसणार. मोजायला हव्या होत्या कंपनीच्या पुस्तकातल्या उंचीशी. नवा संच शंभर-सव्वाशेचा. दीड हजारांच्या कामात तो सहज बसवता आला असता, मजुरीतून कमी केला असता तरी चाललं असतं.

आता ज्या दोन गोष्टी मला मान्य नाहीत त्या. प्लेटा डुप्लिकेट नव्हत्या. सीलबंद पाकिटातल्या, छापील किमतीच्या होत्या. आम्ही ज्या दुकानातून घेतल्या त्याचं खरेदीचं बिल माझ्याकडे आहे, तुम्ही या, दाखवतो. जळाल्यावर चांगली प्लेट आणि वाईट प्लेट दोन्ही काळीच दिसतात, त्यामुळे तुमच्या मेकॅनिकचा तसा समज झाला असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट लायनिंगची. जुन्या प्लेटांना लायनिंग मारून द्यायला मी नाही म्हणालो आणि यापुढेही नाहीच म्हणेन. येझदीच्या काळची गोष्ट वेगळी होती. तिच्या क्लच प्लेटांमध्ये कॉर्कचे तुकडे बसवलेले असायचे. झिजले की जुने काढून नवे ठोकायचे, घासून एका पातळीत आणायचे. माझे वडील ते काम करायचे आणि लहानपणी ते तुकडे मी त्यांच्या हातात दिलेत. आजच्या प्लेटांवरचं लायनिंग कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेलं असतं, आणि ते कायम गरम ऑईलमध्ये बुडून चालतं. गॅरेजमध्ये गोंद लावून बसवलेला पट्टा त्या ऑईलमध्ये सुटतो. सुटलेले तुकडे ऑईलच्या जाळीत अडकले तर क्लचबरोबर इंजिनही धोक्यात येतं. तीनशे रुपये वाचवायला तुमचं इंजिन पणाला लावणं मला पटत नाही.

जुने पार्ट परत न देण्याबद्दल तुम्ही बरोबर आहात. पार्ट तुमचे होते, विचारायची वाट न बघता द्यायला हवे होते. तुम्ही लिहिल्यापासून प्रत्येक गाडीचे काढलेले पार्ट पिशवीत बांधून चावीबरोबर देतो आहोत. बिलाच्या मागच्या बाजूला "काय जुनं ठेवलं आणि का" हे हाताने लिहून गिऱ्हाईकाची सही घेतो आहोत. तुमच्या बिलावर अशी एक ओळ असती, तर तीन आठवड्यांनी पोराने ती वाचून केबलला हात लावला नसता.

इतर कोणी हे वाचत असेल आणि क्लच घसरतोय म्हणून खर्चाच्या चिंतेत असेल, तर गाडी उघडायच्या आधी दोन गोष्टी फुकटात बघून घ्या. एक, लिव्हरचा प्ले. बऱ्याच मोटारसायकलींना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलीमीटर मोकळी हालचाल लागते, आपल्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. कित्येकदा अॅडजस्टर दोन फेरे ढिला केला की घसरणं थांबतं, मात्र फार दिवस तसंच चालवलं असेल तर प्लेटा बघाव्याच लागतात. दोन, ऑईल. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो (JASO, ऑईलचा दर्जा सांगणारा शिक्का) एमए किंवा एमए2 छापलेलं ऑईलच घाला. एमबी छापलेलं ऑईल स्कूटरसाठी असतं, त्यात घर्षण कमी ठेवलेलं असतं. घरात उरलेलं कारचं ऑईल घालून क्लच घसरवून घेतलेल्या गाड्याही आमच्याकडे येतात. नुसतं ऑईल बदलून त्यातल्या काही सुधारतात.

दादा, आता तुमच्या गाडीचं. लायनिंगच्या प्लेटा, स्टीलच्या प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट, ऑईल आणि मजुरी, सगळं आमच्याकडून. नव्या प्लेटा ऑईलमध्ये भिजवून बसवू, काम तुमच्यासमोर उघडू आणि तुमच्यासमोर बंद करू. हाऊसिंग साठ हजार किलोमीटरचं आहे आणि ते आता बदलावंच लागेल. त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील, पण मला दुकानात जे पडेल तेवढेच, आणि एकदम जमत नसेल तर दोन-तीन महिन्यांत द्या. पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा आणा, नव्या प्लेटा बसल्या की प्ले बदलतो, तो मी स्वतः लावून देईन. आमच्याकडे पुन्हा काम करायचं नसेल तर तेही समजू शकतो. बिल घेऊन या, 1500 रुपये परत नेऊन दुसरीकडे करा.

मंगळवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी नऊच्या पुढे मी गॅरेजमध्येच असतो. तोवर गाडीवर सामान घालून घाट चढू नका. केबलचा अॅडजस्टर लिव्हरजवळच आहे. लिव्हर थोडा सैल हलेल इतपत तो आत फिरवून घ्या. न्यूट्रल पुन्हा कडक लागेल, पण तेवढं सोसा आणि गाडी सावकाश गॅरेजपर्यंत आणा. तेही जमण्यासारखं नसेल तर गॅरेजच्या नंबरवर फोन करा, टेम्पो पाठवून गाडी घरून उचलतो.