सांताची टोपी राहू दे, घरी प्रार्थना किती वाजता आहे ते सांगा

डिसेंबर लागला की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर सांताक्लॉजचा निषेध सुरू होतो. सांता आपला नाही, झाड आपलं नाही, पंचवीस तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. मग एखाद्या दिवशी गाडी करंज्यांवर येते. त्या दिवाळीच्या, आपण नाताळला का करायच्या म्हणे. हे सगळं लिहिणारे एक बंधू मागच्या वर्षी हरभट रोडवर नातवासाठी लाल टोपी घेताना दिसले. मी ओळख दाखवली नाही, उगीच त्यांना अवघड व्हायला नको.

मला विचाराल तर त्या सांताला सोडून द्या. निकोलस नावाचा बिशप चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावात खरोखर होऊन गेला, आणि गुपचूप दान करणारा म्हणून लोकांनी त्याला लक्षात ठेवलं. पुढे अमेरिकेत त्याला पोट आणि हरणांची गाडी मिळाली, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? तारखेचं म्हणाल तर ती शुभवर्तमानात नाही हे खरंच आहे. रोममध्ये चौथ्या शतकात ती पाळत असल्याची नोंद मिळते, त्याआधीचं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण म्हणून जन्मच साजरा करायचा नाही? आमच्या वडिलांच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तारीख लिहिली. म्हणून ती माणसं जन्मलीच नाहीत असं कोणी म्हणत नाही.

आणि करंजीबद्दल तर मी ऐकूनच घेणार नाही. आम्ही मिरज-सांगलीकडचे ख्रिस्ती. आमचे आजे-पणजे प्रभूकडे आले ते चुलीसकट आले. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं, त्याच्या आसऱ्याने आमच्यासारखी कितीतरी घरं इथे उभी राहिली. नर्सा, कंपाउंडर, वॉर्डबॉय, स्वयंपाकी. बायका नाताळच्या आठ दिवस आधी रात्रीची ड्यूटी करून दिवसा चकल्या पाडायच्या. माझ्या सासूबाई कोडोलीच्या, त्यांच्या हातचे अनारसे मला आजही जमत नाहीत. आपले ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी प्रभूची भक्ती अभंगांत आणली. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी साताऱ्यात काढली, तिथेच ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातली त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो. अभंग चालतो आणि अनारसा चालत नाही, हे कसलं शास्त्र?

तेव्हा माझं भांडण फराळाशी नाही, झाडाशी नाही, सांताशीही नाही. ते आपल्याच कार्यक्रमपत्रिकेशी आहे. राग आला तर येऊ दे, पण डिसेंबरातला आपला महिना एकदा डोळ्यांसमोर आणा. तरुण संघाच्या क्रिकेट मॅचेस, महिला संघाची रांगोळी आणि पाककला, संडे स्कूलचं गॅदरिंग, त्याच्या तालमी, त्यासाठी भाड्याने आणलेले देवदूतांचे पंख, मग घरोघरी नाताळची गाणी गात फिरायचा कॅरल राउंड, मग स्नेहभोजन. यातली एकेक गोष्ट चांगलीच आहे. पण सगळ्यांची मोळी बांधली की घरातल्या माणसांना चोवीस तारखेच्या रात्री एकमेकांची तोंडं दिसतात ती झोपेला आलेली. पंचवीसला सकाळी उपासनेला उशीर, पोरं बाकावर पेंगतात, पाळक साहेब जीव तोडून बोलतात आणि आपण मनात बिर्याणीला किती तांदूळ भिजवले ते मोजतो. घरी बायबल उघडलं का? नाही, ते देवळात वाचलं ना! म्हणजे घरच्या घरी जे करायचं ते आपण कमिटीकडे ठेक्याने देऊन टाकलंय.

कॅरल राउंडवर माझा फार जीव आहे, म्हणूनच लिहिते. पूर्वी पोरं चालत यायची, एक ढोलकी, झांजा, कोणाच्या तरी हातात कंदील. आता टेम्पोवर कीबोर्ड आणि स्पीकर असतो. असू दे, थंडीत तेवढीच गंमत. पण घरांची यादी इतकी लांब की एक कडवं झालं की पुढच्या घराचे फोन सुरू. ज्या घरी केक आणि कॉफी तिथे तीन गाणी, आणि गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी दिवा लावून बसते तिच्याकडे ‘उद्या येतो आजी’. उद्या कोणी जात नाही. मी म्हणते यादी निम्मी करा आणि सुरुवात त्या टोकाच्या घरापासून करा. तिला प्रार्थना हवी असते, ती करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आता आमच्या घरी काय चालतं ते सांगते. हे आदर्श वगैरे आहे असं मुळीच नाही. चोवीसच्या रात्री, कितीही वाजले तरी, जेवणाआधी सगळे खाली चटईवर बसतो. मोबाईल एका डब्यात. घरातलं सगळ्यात लहान, ज्याला वाचता येतं, ते लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, वाचतं. गोष्टीच्या पुस्तकातून नाही, बायबलमधूनच. अडखळलं तर अडखळू दे. मग एक गीत, मग प्रत्येकाने एकेक वाक्याची प्रार्थना, आणि त्या वर्षी गेलेल्या माणसांची नावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्या नाताळला ही प्रार्थना बरीच लांबली होती. एरवी पंधरा-वीस मिनिटांत आटपतं. फराळाचा डबा तोवर उघडायचा नाही, एवढा एकच कडक नियम.

मी आयुष्यभर लेबर रूममध्ये काम केलं, त्यामुळे तो अध्याय मला जरा वेगळा ऐकू येतो. लूक वैद्य होता असं बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात आहे, आणि माणूस लिहितो तसाच, मोजकं. पहिलटकरीण. दिवस भरलेले. कैसराचा हुकूम निघाला म्हणून नासरेथहून बेथलेहेमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, आपल्याकडे मिरजेहून साताऱ्यापर्यंत धरा. उतारशाळेत जागा नाही. मूल झालं, बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. बस. बैल नाही, गाढव नाही, ते नंतर आपण चित्रात आणले. सुईण होती की नव्हती, तेही तो सांगत नाही. मला दरवर्षी तोच प्रश्न पडतो, नाळ कोणी कापली असेल? योसेफ तर सुतार. आमचे हे म्हणतात, तुझं नेहमीचंच. पण तो प्रश्न पडला की गोठा चमचमत नाही, त्याला वास येतो, थंडी वाजते, आणि देव खरोखर माणूस झाला म्हणजे काय झालं ते अंगावर येतं. आणखी एक. ही बातमी पहिल्यांदा कोणाला कळली? रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. म्हणजे नाईट ड्यूटीवाल्यांना. हे मी प्रत्येक नाताळला हॉस्पिटलात अडकलेल्या पोरींना सांगायची आणि त्या हसायच्या.

गॅदरिंगच्या नाटकात तीन राजे मेंढपाळांच्या शेजारी उभे असतात. ज्याच्या शुभवर्तमानात ते येतात त्या मत्तयाने त्यांचा आकडा दिलेला नाही, राजे म्हटलेलं नाही, आणि ते मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, आले ते घरात आले, गोठ्यात नाही. नाटक बंद करा असं मी म्हणत नाही, तीन पोरांना मुकुट मिळतात तर मिळू देत. फक्त घरी एकदा मूळ वाचा, म्हणजे मूल स्वतःच विचारतं की आजी, इथे तर तीन लिहिलेलं नाही. मूल असं विचारायला लागलं की मला बरं वाटतं. गोष्ट त्याची झाली.

लूकचा पहिला अध्याय आम्ही आधीच्या चार रविवारी थोडा थोडा वाचतो. आगमनकाळ त्याचसाठी आहे. जखऱ्या, गब्रीएल, अलीशिबेकडे निघालेली मरीया. आणि तिचं गाणं. ते गाणं नीट वाचलं तर फराळाचा घास अडकतो, कारण ती म्हणते देवाने भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने लावून दिलं. हे आपल्याबद्दल आहे की दुसऱ्या कोणाबद्दल, हा प्रश्न दर डिसेंबरला मला छळतो.

कारण नाताळ येतो तो आपल्याकडे ऐन गळीत हंगामात. सांगलीच्या कुठल्याही दिशेला निघा, उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, दिसतात. बीडकडून आलेल्या टोळ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातल्या कितीतरी बायकांचे दिवस भरलेले असतात. माझ्या नोकरीत अशा बाया हंगामभर यायच्या. एक तर कळा सुरू झाल्यावरही दुपारपर्यंत मोळ्या बांधत होती आणि ट्रॅक्टरवर बसून आली. नीट बाळंत झाली, पण दुसऱ्याच दिवशी घरी सोडा म्हणून मागे लागली. घरी म्हणजे कोपीवर. तिथे थंडी आणि चुलीचा धूर. तिला आम्ही काय सांगणार, चाळीस दिवस आराम कर?

म्हणून आमच्याकडे फराळाचा पहिला घाणा बाहेर जातो. आमच्या जाऊबाई आणि मी चोवीसला सकाळी दोन-तीन तळांवर जाऊन येतो. करंज्या असतातच, पण बाळंतीण असेल तर आळीव, गूळ, डिंक, सुकं खोबरं, टोपडी-दुपटी, एक जाड चादर. नवीन, जुनी नाही. फोटो काढायचा नाही हे ठरलेलं आहे. माहितीपत्रकंही नेत नाही. यावरून मंडळीतल्या काहींशी माझा वाद झालाय. सुवार्ता सांगायची ही संधी आहे असं ते म्हणतात. माझं म्हणणं, ताटासोबत पत्रक दिलं की त्या बाईला ताट फुकट मिळत नाही, ऐकण्याची किंमत मोजावी लागते. कोणी विचारलं की आज काय आहे, तर येशूचा जन्मदिवस आहे असं सरळ सांगतो. लपवायचं काय आहे त्यात?

शेजाऱ्यांचंही तेच. पंचवीसला दुपारी आमच्याकडे सगळी गल्ली येते. समोरच्या वहिनी, वरच्या मजल्यावरच्या भाभी, पोरंटोरं. जेवणाआधी प्रार्थना होते, मोठ्याने होते, पाहुणे आहेत म्हणून ती गिळत नाही आणि पाहुणे आहेत म्हणून तिचं प्रवचनही करत नाही. भाभी एकदा म्हणाल्या, आमच्या कुराणात मरियमच्या नावाची अख्खी सूरा आहे. खजुराच्या झाडाखाली तिला कळा आल्या, असं त्यात आहे म्हणाल्या. आमचं शास्त्र आणि त्यांचं सगळं जुळत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. तरी तासभर आम्ही मरीयेच्या बाळंतपणावर बोलत बसलो, भाजीचा मसाला करपेपर्यंत.

आता तरुणांचं. मोठा मुलगा आणि सूनबाई पुण्याला नोकरीला. चोवीसला सुट्टी नसते, गाडीला गर्दी, घरी पोचेपर्यंत रात्रीचे अकरा. जवळच्या काही घरांत यावरून सुनांना ऐकवतात, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून. अहो, आमच्या वेळी मी स्वतः निम्मे नाताळ वॉर्डात काढले! प्रार्थना अकरा वाजता होऊ शकते. फोनवरून होऊ शकते. सव्वीसलाही होऊ शकते, जन्माचे बारा दिवस पाळणाऱ्या मंडळ्या जगात आहेतच. होतच नाही, तेव्हा मात्र मला बोलायचं असतं.

धाकटा देवळात येत नाही. विश्वास बसत नाही म्हणतो. पहिल्यांदा बोलला तेव्हा ह्यांनी दोन दिवस अन्न गोड मानलं नाही. मी म्हटलं, चटईवर येऊन बस, डोळे मिटायची सक्ती नाही. तो बसतो. पेटी तोच वाजवतो, कारण घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. प्रार्थनेची त्याची पाळी आली की पुढच्याकडे बघतो आणि पुढचा सुरू करतो. कोणी काही म्हणत नाही. पुढे काय होईल ते देव बघेल, मी पेटीचे सूर नीट लागले की नाही तेवढं बघते.

यंदा वाचन नातीकडे आहे, दुसरीत गेलीय. दुसऱ्याच वचनातल्या ‘क्विरीनिय’पाशी तिची गाडी अडते, म्हणून तिची आई म्हणाली ते नाव गाळू या. नात ऐकत नाही, तिला ते पाठच करायचंय. गीत कोणतं ते अजून ठरायचंय. आणि ह्यांची प्रार्थना पाच मिनिटांच्या वर जाणार नाही, असा घरात ठराव झालाय. ते काही पाळणार नाहीत, पण ठराव झालाय.