शनिवार-रविवारचा आत्मोद्धार

पाच दिवस राबलेल्या माणसाने उरलेले दोन दिवस घरी स्वस्थ पडून काढावेत, ही कल्पना आता मागासलेली ठरली आहे. स्वस्थ पडण्याची पावती मिळत नाही, त्याचे छायाचित्र बरे येत नाही आणि सोमवारी कोणी विचारपूस केली तर सांगण्यासारखे काहीच हाती उरत नाही. म्हणून, सुज्ञ वाचकहो, येत्या शनिवारी आपण कला, भोजन, स्पा आणि खरेदी या चार पुरुषार्थांची एकत्रित सहल आखावी. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष साधायला पूर्वजांना अख्खे आयुष्य लागत असे. आपल्याला रविवारी दुपारी खोली रिकामी करून द्यायची असल्यामुळे थोडी घाई करावी लागेल.

या घाईत कमीपणा मुळीच नाही. हेन्री फोर्ड यांनी १९२६ साली आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा त्यामागचा हिशेब त्यांनी लपवून ठेवला नव्हता. ज्याच्यापाशी रिकामा वेळ असेल त्याला कपडे जास्त लागतील, खाण्यात वैविध्य लागेल आणि हिंडायला वाहन लागेल, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. तेव्हा शनिवारी लोळत पडणारा माणूस नुसता आळशी ठरत नाही, तर ज्या अटीवर ही सुट्टी मिळाली त्या अटीचाच तो भंग करतो.

सुरुवात कलेपासून करावी, कारण त्यामुळे पुढच्या सगळ्या चैनीला एक सोवळेपण लाभते. चित्रे पाहायची आहेत की ती पाहिल्याचा पुरावा जमवायचा आहे, हे मात्र संग्रहालयाच्या दारातच ठरवून टाकावे. दोन्ही साधू पाहणाऱ्याची जेवणाची वेळ हमखास टळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातले प्रेक्षक नावाजलेल्या चित्रांपुढे किती वेळ थांबतात, हे एका अभ्यासात मोजले गेले आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या वेळा हा मुक्काम १७ सेकंदांच्या आतच आटोपलेला आढळला. हे १७ सेकंद आपण प्रमाण मानू. आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तीस हजारांहून अधिक वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला १७ सेकंद दिले तरी १४१ तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे न झोपता आणि न खाता जवळजवळ सहा दिवस, आणि त्यात एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्याची पायपीट धरलेली नाही. सामान्य माणूस हा हिशेब पाहून खचेल. आपण त्यावरून एवढाच बोध घ्यावा की १७ सेकंद ही उधळपट्टी आहे.

फारच प्रसिद्ध चित्र असेल तर थोडे रेंगाळायला हरकत नाही, पण तेही त्याच्याकडे पाठ करून. मोनालिसाचे चित्र अवघे ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद असून काचेआड आहे, त्यामुळे पुढच्या माणसाने डोक्यावर धरलेल्या फोनच्या पडद्यावरच ते जास्त नीट दिसते. तिला खांद्यामागे घेऊन आपण उभे राहतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोरच्या भिंतीवर व्हेरोनेसे या चित्रकाराचे जवळजवळ दहा मीटर रुंदीचे, लूव्रमधले सर्वांत मोठे चित्र टांगलेले असते. त्याने मन विचलित होऊ देऊ नये, नजर फोनवरच ठेवावी. १९११ साली मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली होती. त्या लोकांना हसू नये. पाहून आल्याचे समाधान मिळण्यासाठी चित्र जागेवर असावेच लागते असे नाही, हे त्यांनी आपल्या शंभर वर्षे आधी ओळखले होते.

पाय दुखू लागले तर ते रसिकतेचे लक्षण समजावे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच या शिणावर एक सचित्र लेख लिहिला होता. पेट्यांमधल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून एक सद्गृहस्थ कसा वाकतो आणि ओणवा होतो, त्याची छायाचित्रेच त्यात दिलेली आहेत. गिलमन यांनी दोष वस्तूंच्या मांडणीला दिला. आपण दोष देत बसू नये, स्पामधल्या वेळेच्या आधी बाहेर पडावे.

मध्ये भोजन आहे, पण तिथे आपल्याला ठरवायचे असे फारसे काही उरत नाही. टायर बनवणाऱ्या मिशलँ कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, ती लोकांनी खूप हिंडावे आणि टायर झिजवावेत म्हणून. १९२६ साली तीत भोजनगृहांना तारे देण्यास सुरुवात झाली. दोन तारे असतील तर वाट वाकडी करून जावे आणि तीन असतील तर मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा, असा तिचा संकेत आहे. भूक लागली म्हणून जेवणे हा प्रकार तेव्हापासून अडाणीपणात जमा झाला. पानात वाढलेल्या पदार्थाची वंशावळ वाढपी सांगत असेल तेवढ्या वेळात पदार्थ निवला, तर तो निवू द्यावा. फोटोत वाफ दिसत नाही.

भरल्या पोटी मालिश करून घेऊ नये, मध्ये तास-दोन तास जाऊ द्यावेत, असे जाणकार सांगतात, पण त्यांनी आपले वेळापत्रक पाहिलेले नसते. तासाभराची म्हणून सांगितलेली मालिश पुष्कळ ठिकाणी ५० मिनिटांचीच असते, हेही आधी गृहीत धरावे आणि वाचलेली दहा मिनिटे खरेदीच्या खात्यात टाकावीत. ताण नेमका कुठे जाणवतो, असे कोणी मृदू स्वरात विचारले तर साडेचारला निघायचे आहे असे उत्तर देऊ नये. मानेत जाणवतो असे सांगावे, अर्थ एकच होतो. शरीरातली विषद्रव्ये घामावाटे निघून जातात असा मजकूर तिथल्या माहितीपत्रकात आढळेल. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ असून विषद्रव्ये बाहेर काढण्याचे काम आपले यकृत आणि मूत्रपिंडे जन्मापासून आगाऊ आरक्षणाशिवाय करीत आली आहेत, हे तिथे बोलून दाखवू नये. फुकटच्या सेवेची किंमत कोणाला वाटते? गरम पाण्याच्या कुंडाबाबत मात्र मी उपरोध बाजूला ठेवतो: पाणी ४० अंश सेल्सिअसहून गरम नसावे आणि मद्य घेऊन त्यात उतरू नये, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना घेरी येते. ती घेरी म्हणजे चौथा पुरुषार्थ नव्हे.

आता खरेदी. व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन यांनी आखलेला साउथडेल हा पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित मॉल १९५६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात उघडला. माणसांनी तिथे भेटावे, रमावे, अशी त्यांची भाबडी अपेक्षा होती. पुढे असे मॉल जागोजागी उगवले, तेव्हा या अनौरस संततीची पोटगी आपण देणार नाही, अशा शब्दांत त्यांनी हात झटकले. तरीही एक वस्तू घ्यायला आलेला माणूस झगमगाटात ती वस्तू विसरून भलतेच घेत सुटतो, त्या अवस्थेला त्यांचेच नाव चिकटले. काहीच घ्यायचे नसताना गेलेल्या माणसाला ही अवस्था अनुभवता येत नाही, म्हणून आपण निदान मोज्यांचा एक जोड घ्यायचाच असा निश्चय करून आत शिरावे, म्हणजे विसरायला काहीतरी हाताशी राहील.

परतीच्या वाटेवर फोनवर अभिप्रायाचा तक्ता येईल. त्यात ‘निवांतपणा’ या रकान्यापुढे पूर्ण पाच तारे द्यावेत. एक जरी कमी दिला तरी एवढा खर्च करून आपण दमलो कसे, हे घरात कोणालातरी समजावून सांगावे लागेल. तक्त्याच्या तळाशी पुढच्या शनिवारसाठी सवलत दिलेली असते आणि ती त्या रात्री बारापर्यंतच खुली असते. सोबत आलेल्या माणसाला एव्हाना गाडीत गाढ झोप लागली असेल, तर त्याला हलवून जागे करावे, कारण बँकेकडून येणारा परवलीचा आकडा त्याच्या फोनवर येतो.