आधी व्हॅनिलात चालवून बघा

आर या संख्याशास्त्राच्या भाषेत काम करणाऱ्याने आपली अडचण चारचौघांत बोलून दाखवली, की पहिला सल्ला ठरलेला असतो : “आधी व्हॅनिलात चालवून बघा,” म्हणजे आर अगदी कोरी सुरू करून बघा. डॉक्टरांनी नाडीला हात लावण्याआधीच “बाहेरचं काही खाल्लं होतं का?” असे विचारावे, तसाच हा सल्ला आहे. सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि त्याचा राग येण्याचे खरे कारण तेच आहे.

आर सुरू होते तेव्हा ती आपल्याला न सांगता बरीच कागदपत्रे वाचून घेते : सगळ्यांसाठीची साइट फाइल, पत्ते वगैरे ठेवणारी एनव्हायरन फाइल, सुरुवातीला चालवायच्या आज्ञांची आणि नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे यादीत सहसा न दिसणारी आरप्रोफाइल, शिवाय मागच्या खेपेस जतन झालेला सगळा पसारा. ती सुरू करताना ‘डॅश डॅश व्हॅनिला’ एवढे लिहिले, की हे काहीही वाचू नकोस आणि जाताना काही जतनही करू नकोस, अशा पाच आज्ञा एकदम दिल्या जातात.

आमच्या कार्यालयातली आरप्रोफाइल कोणी एकाने लिहिलेली नाही. ती वडिलोपार्जित आहे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणीतरी प्रेमाने ती पाठवतो आणि पुढे प्रत्येक जण तिच्यात आपली एक ओळ घालतो. अक्षरी मजकुराचे आपोआप फॅक्टर, म्हणजे ठरावीक गट, करू नयेत, असे बजावणारी एक ओळ तिच्यात अजून आहे. 2020 साली आर 4.0.0 आली आणि तेव्हापासून ते मुळातच होत नाही. पण ती ओळ घालणारे गृहस्थ नोकरी सोडून गेलेले असल्यामुळे ती काढायला कोणी धजावत नाही. त्याच फाइलमध्ये, रोज उठून लिहायला नको म्हणून, डीप्लायर हे तक्ते हाताळणाऱ्या फंक्शनांचे पॅकेज (तयार जोडसंच) चढवणारी ओळही कोणा परोपकारी माणसाने घालून ठेवली होती.

झाले असे, की ‘वय 18 पेक्षा जास्त’ एवढीच अट घालून मी डीप्लायरचे, अटीत बसणाऱ्या ओळी निवडणारे फिल्टर हे फंक्शन चालवले आणि ‘वय’ नावाची वस्तूच सापडत नाही, असे आरने कळवले. वयाचा स्तंभ समोरच्या तक्त्यात पहिल्याच जागी होता. सावधगिरी म्हणून लिपीच्या, म्हणजे माझ्या आज्ञांच्या फाइलीच्या, सुरुवातीला डीप्लायर पुन्हा चढवण्याची आज्ञा लिहिली. पॅकेज आधीच चढलेले असल्यामुळे आरने तिची दखलही घेतली नाही. शेजारच्या सहकाऱ्याच्या संगणकावर तीच लिपी बिनतक्रार चालली. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “अहो, व्हॅनिलात…”

व्हॅनिलात ती चालली. कारण असे, की आरप्रोफाइल वाचली जाते तेव्हा आरची नेहमीची पॅकेजे अजून चढलेली नसतात. डीप्लायर आधी येऊन बसते आणि मागाहून त्या नेहमीच्यांपैकी स्टॅट्स येऊन त्याच्या पुढे उभे राहते. त्या स्टॅट्समध्येही फिल्टर नावाचेच एक फंक्शन आहे, ज्याचा संबंध कालमालिकांशी असून माझ्या अटीशी काडीचा नाही. हाक मारली एकाला आणि ओ दिली भलत्यानेच. आमच्या गावाकडे एका वाड्यात तीन सुरेश होते, पण तिथे निदान आडनाव विचारण्याची पद्धत होती.

निदान झाल्यावर आरप्रोफाइल काही दिवस झोपवून ठेवू, म्हणून प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या फाइलचे नाव बदलले आणि आर नेहमीसारखी सुरू केली. चूक जशीच्या तशी हजर! आर आधी चालू फोल्डरमध्ये आरप्रोफाइल शोधते आणि तिथे ती सापडली तर घरच्या फोल्डरातली वाचतच नाही. मी धाकटीला निजवताच थोरली जागी झाली होती, आणि थोरलीतही अर्थातच तीच ओळ होती, कारण धाकटी तिच्यावरूनच उतरवलेली.

मग व्हॅनिलातच राहायचे ठरवले, पण त्या घरात नांदणे सोपे नाही. माझ्या वैयक्तिक पॅकेजांचा पत्ता एनव्हायरन फाइलमध्ये लिहिलेला असल्यामुळे निम्मी पॅकेजे अस्तित्वातच नाहीत, असे आर शांतपणे सांगू लागली. नवे पॅकेज मागवावे, तर कोणत्या देशातल्या सर्व्हरवरून, असा प्रश्न तिने लांबलचक यादीसह विचारला. सर्वांत जिव्हारी लागले ते वेगळेच : पूर्ण एक लाख ही रक्कम तिने ‘1ई+05’ अशी छापली, कारण लाखाला लाखासारखे छापण्याची ओळही त्या आरप्रोफाइलमध्येच होती. लेखाविभागातल्या बाईंना तो तक्ता गेला, आणि ‘ई’ म्हणजे कोणता कर, असे विचारणारा त्यांचा फोन आला.

आता डीप्लायरची ओळ आरप्रोफाइलमधून काढून प्रत्येक लिपीच्या माथ्यावर लिहिली आहे, आणि दोन्ही फाइली आपापल्या नावाने परत नांदत आहेत. फॅक्टरची ओळ मात्र तिथेच आहे. ते गृहस्थ कधीमधी कार्यालयात डोकावतात.