मियामोतोंची विहीर आटली म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दाजींनी एक लांबलचक मजकूर पाठवला. शीर्षक होते, ‘मारिओचा जनक संपला’. त्यातले दावे थोडक्यात असे: निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीत मारिओ हे पात्र घडवणारे शिगेरू मियामोतो यांची प्रतिभा चाळिशीनंतर आटली, १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ नंतर त्यांना एकही नवी कल्पना सुचली नाही, मारिओ त्यांनी एकट्याने घडवला होता, आता मात्र इतरांच्या कष्टावर त्यांचे नाव लागते, कंपनीने अडगळीत टाकल्यामुळे ते सिनेमाकडे वळले, आणि अखेरीस, त्यांच्या नावावर फिरणारे एक सुभाषित. मला त्रास झाला तो मजकुरापेक्षा त्याखालच्या ओळीचा. भाचा लातूरला अकरावीच्या शिकवणीला आहे आणि रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर गेमचे नकाशे काढतो. त्याला उद्देशून दाजींनी लिहिले होते, “बघ, एवढा मोठा माणूस चाळिशीत रिकामा झाला, तुझं काय होणार?” पोरगा गप्प बसला. मला गप्प राहवले नाही.

आधी चाळिशीचे पाहू, कारण एवढा हास्यास्पद आणि एवढा घातक दावा मजकुरात दुसरा नाही. मियामोतो यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९५२ चा. ‘सुपर मारिओ ६४’ जपानमध्ये जून १९९६ मध्ये आला, तेव्हा त्यांना त्रेचाळीसावे वर्ष पूर्ण होऊन सात महिने झाले होते. म्हणजे ज्या गेमला हा मजकूर त्यांची शेवटची अजोड कृती ठरवतो, तो याच मजकुराच्या हिशेबाने विहीर आटल्यावर तीन वर्षांनी निघाला. दाजी बँकेत नोकरीला आहेत. ही वजाबाकी त्यांना जमायला हरकत नव्हती.

बरे, त्यानंतर काहीच सुचले नाही म्हणावे, तर २००१ चा ‘पिकमिन’ त्यांच्या बागकामाच्या छंदातून आला आणि २००५ चा ‘निन्टेंडॉग्स’ घरात कुत्रे पाळल्यानंतर. पण मला सर्वांत जास्त भावतो तो २००७ चा ‘वी फिट’, फळीवर उभे राहून खेळायचा व्यायामाचा गेम. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता आपल्याच माणसांच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्या प्रसिद्ध करत असत. त्या मुलाखतींत या गेमचा उगम नोंदलेला आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने तेवढे जरी वाचले असते तरी माझे काम वाचले असते. मियामोतो रोज घरी स्वतःचे वजन करून त्याचा आलेख काढत. वजन घटले की वाढले यापेक्षा ती रेघ रोज पुढे सरकताना पाहण्यातच मजा आहे आणि घरातली माणसेही त्यावर बोलू लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे पायाखालच्या फळीचा प्रश्न आला, तेव्हा अवाढव्य सुमो मल्लांचे वजन करायला दोन काटे लागतात ही गोष्ट कामी आली. दोन पायांचा भार वेगळा मोजता आला, तर माणूस कुठे झुकतो हे पडद्यावर दाखवता येते. फळीत वजन मोजणारे चार संवेदक बसवले गेले. गेमच्या सव्वादोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. निर्माता पंचावन्न वर्षांचा होता.

एकट्याने घडवल्याचा दावा कौतुकाच्या रूपात येतो, म्हणून तो लवकर पचतो. मारिओ पहिल्यांदा दिसला तो १९८१ चा ‘डाँकी काँग’ मुळात अमेरिकेत न खपलेल्या ‘रडार स्कोप’ या नाणे टाकून खेळायच्या गेमच्या यंत्रांचे काय करायचे या अडचणीतून जन्मला, आणि त्या कामावर निन्टेंडोतले ज्येष्ठ सहकारी गुनपेई योकोई यांची देखरेख होती. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ताकाशी तेझुका यांचा मोठा वाटा होता, संगीत कोजी कोंडो यांचे होते, आणि तोशिहिको नाकागो यांच्याकडे प्रोग्रॅमिंग होते. तेव्हाही ते एकटे नव्हते.

मग मियामोतो यांचे स्वतःचे असे काय होते? नव्वदच्या दशकात परभणीत आमच्याकडे ज्याला सगळे ‘टीव्ही गेम’ म्हणत, ते नकली यंत्र होते. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची, आणि ऐन रंगात लोडशेडिंग व्हायचे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पहिल्यांदा खेळताना प्रश्नचिन्हाच्या विटेतून अळिंबी बाहेर पडली, तेव्हा तिलाही शत्रू समजून मी पळालो. ती पुढच्या नळाला थडकून उलटी माझ्याच दिशेने आली, मी उडी मारली, डोके वरच्या विटांना आपटले, खाली पडलो तो थेट तिच्यावर, आणि मारिओ दुप्पट झाला. हा माझा योगायोग नव्हता. नवख्या खेळाडूला अळिंबी चुकवता येऊ नये आणि ती चांगली आहे हे सांगितल्याशिवाय कळावे, अशीच ती जागा रचलेली आहे, हे मियामोतो आणि तेझुका यांनी २०१५ मध्ये चित्रित झालेल्या एका संवादात उलगडून सांगितले आहे.

नवख्याच्या हातांकडे पाहण्याची ही नजर २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेमच्या वेळीही तीच होती. त्याचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि निर्माते एइजी आओनुमा. मियामोतो वरून देखरेख करणारे. तपासायला खेळ हाती दिला, तर हे गृहस्थ सुमारे तासभर झाडांवर चढत-उतरत राहिले, अशी आठवण तो गेम करणाऱ्यांनीच सांगितली आहे. साठी ओलांडलेला माणूस झाडावर रमतो, याचा अर्थ चढण्यातच मजा आहे, हे बाकीच्यांना कळले. याला इतरांच्या कष्टावर नाव लावणे म्हणायचे असेल, तर म्हणा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. त्यांचा शब्द नेहमी फळला असे नाही. ‘वी म्युझिक’ अनेकांना पोकळ वाटला, २०१६ च्या ‘स्टार फॉक्स झीरो’त दोन पडद्यांवर नजर ठेवण्याचा हट्ट खेळणाऱ्यांना जाचला, आणि २०१२ च्या ‘पेपर मारिओ: स्टिकर स्टार’मध्ये कथेची फारशी गरज नाही हा सल्ला त्यांचाच होता, ज्याचा राग त्या मालिकेचे चाहते अजून धरून आहेत. शेवटची गोष्ट इवातांच्या त्याच मुलाखतींत आहे, म्हणून ती लपवण्यात अर्थ नाही. पण चुकीचा निर्णय घेणे वेगळे आणि सुचणे थांबणे वेगळे.

अडगळीबद्दल फार लिहीत नाही. जुलै २०१५ मध्ये इवाता वारले, तेव्हा कंपनीचा कारभार तात्पुरता ज्या दोघांनी सांभाळला त्यांतले एक मियामोतो होते. २०२३ च्या मारिओ चित्रपटाचे ते सहनिर्माते होते, आणि त्याने जगभरात १.३ अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला.

राहिले सुभाषित: उशिरा आलेला गेम कधीतरी चांगला ठरतो, घाईचा कायमचा वाईट. मियामोतो हे बोलल्याचा पुरावा सापडत नाही. तशा अर्थाची वाक्ये या व्यवसायात इतरांच्या तोंडी होती, नंतर ती त्यांना चिकटली. हे सगळे मी गटावरच लिहिले. दाजींचे उत्तर आलेले नाही. भाच्याने रात्री वहीच्या मागच्या पानाचा फोटो पाठवला आणि विचारले, “मामा, इथं नळ किती उंच ठेवू?”