फक्त बदललेले पान बांधावे का? एका आक्षेपाला उत्तर

आपण लिहिले आहे की, लेखन चालू असताना जेकिल या, मजकुराच्या साध्या फाइलींपासून संकेतस्थळाची तयार पाने बनवणाऱ्या (म्हणजे ‘बांधणाऱ्या’) साधनाच्या ‘इन्क्रिमेंटल’ पर्यायाने फक्त बदललेली पाने बांधावीत, हा माझा सल्ला दिशाभूल करणारा आहे. कारण त्यामुळे आपल्या मुखपृष्ठावर जुनेच शीर्षक राहिले आणि ते तसेच प्रकाशित झाले. वेगाच्या मागे लागण्यापेक्षा जलद संगणक घ्यावा, असेही आपण सुचवता. आपली तक्रार रास्त आहे, उपाय मात्र मला पटत नाही.

हा पर्याय २०१५ मध्ये जेकिल ३.० बरोबर आला आणि आजही प्रायोगिकच मानला जातो. कोणते पान कोणत्या साच्यावर (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलीवर) अवलंबून आहे याची नोंद जेकिल ठेवते. परंतु सर्व लेखांवरून फिरून यादी करणारे मुखपृष्ठ त्या प्रत्येक लेखावर अवलंबून आहे, हे त्या नोंदीत येत नाही. म्हणून लेख बदलतो आणि मुखपृष्ठ शिळे राहते. हे मी लिहायला हवे होते. ती चूक माझी आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे, बदललेल्या भागापुरतीच प्रोग्रॅमची बांधणी करणारे साधन लिहिले तेव्हापासून हेच आहे: अवलंबनाची नोंद जितकी पूर्ण, तितकीच अर्धी बांधणी विश्वासार्ह.

आता संगणकाविषयी. रत्नागिरीच्या सड्यांवरील (कातळी पठारांवरील) कातळशिल्पांच्या माझ्या संकेतस्थळावर ६०० नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीखाली ‘संबंधित नोंदी’ दाखवण्यासाठी साचा उरलेल्या सगळ्या नोंदी तपासत असे, म्हणजे एका बांधणीत सुमारे ३,६०,००० तुलना होत. दुप्पट वेगाच्या यंत्रावर हा वेळ निम्मा होईल खरा, पण नोंदी १२०० झाल्या की तुलना चौपट होतील आणि नवे यंत्रही जुन्याच्या मागे पडेल. मी नोंदींची गावनिहाय विभागणी एकदाच करून ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, तेव्हा खरा फरक पडला. शिवाय लेखनासाठी दुसरी कॉन्फिग फाइल (जेकिलच्या सेटिंगची फाइल) केली, जी मूळ कॉन्फिग फाइलनंतर वाचली जाते आणि ‘संबंधित नोंदी’ची यादी बंदच ठेवते.

छायाचित्रांच्या लहान प्रती दर वेळी नव्याने करण्याचेही कारण नाही. ह्यूगो हे जेकिलसारखेच दुसरे साधन त्या साठवून ठेवते. जेकिलमध्ये ती सोय स्वतः करावी लागते. तसे करताना फाइलच्या वेळेवर विसंबू नये, कारण गिटमधून (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीतून) नवी प्रत घेतली की सर्वच फाइली आजच्या दिसतात. आशयावरून काढलेला हॅश (आशय बदलला की बदलणारी छोटी खूण) ताडून पाहावा.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. उक्षी किंवा देवीहसोळ येथील नोंद लिहिताना अनेकदा गावातील जाणते गृहस्थ शेजारी बसलेले असतात. सड्यावरील एखाद्या जागेचे नाव ते दुरुस्त करतात आणि सुधारलेले वाक्य लगेच पाहू इच्छितात. तेवढ्यात बांधणी रेंगाळली की बोलण्याचा धागा तुटतो, आणि पुढचे नाव सांगायचे राहून जाते. पावसाळ्यात वीज गेलेली असेल, तर प्रत्येक पूर्ण बांधणी बॅटरीही खाते.

मूळ लेखात मी आता दुरुस्ती केली आहे: अर्धी बांधणी केवळ लिहिताना करावी, प्रकाशनापूर्वी ‘जेकिल क्लीन’ ही आज्ञा देऊन जुने फलित व साठवण पुसावी आणि इन्क्रिमेंटल पर्याय न लावता सारे संकेतस्थळ पुन्हा बांधावे. आपल्या मुखपृष्ठावरील शीर्षकही एवढ्याने दुरुस्त होईल.